फुली कोणी मारली? मलबार हिलवरच्या एका रहस्यकादंबरीविषयी

 

विषय ऐकून आमच्या एका जुन्या सहकाऱ्यांनी सकाळी फोन केला. म्हणाले, सर, आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलंत, आता पंचाहत्तरीला टेकल्यावर खून-मारामाऱ्यांकडे वळलात? मी म्हटलं, वळलो नाही, तिथूनच आलोय. (हशा) खरंच सांगतो. आमच्या लहानपणी पाथर्डीत पुस्तक विकत घ्यायचं म्हणजे चैन. भाड्यानं मिळायचं. आणि भाड्याच्या पुस्तकांत सगळ्यांत जास्त हाताळलेली, कोपरे दुमडलेली, शेवटचं पान हमखास गायब असलेली पुस्तकं बाबुराव अर्नाळकरांची. हजारावर रहस्यकथा लिहिल्या त्या माणसानं. शेवटचं पान नसल्यामुळे खुनी कोण हे आपलं आपल्यालाच ठरवावं लागायचं. अनुमानप्रमाणाचा माझा पहिला वर्ग तो.

पण आज अर्नाळकरांवर बोलणार नाही. त्यांची आठवण एका कारणासाठी काढली. त्यांचा काळापहाड घ्या, झुंजार घ्या. हे नायक श्रीमंतांच्या घरात कसे शिरतात? रात्री, खिडकीतून, गच्चीवरून, मुखवटा घालून. धनंजय हा खासगी गुप्तहेर, तो दारातून येतो, पण त्याला कोणीतरी बोलावलेलं असतं. म्हणजे श्रीमंताच्या बंगल्यात आत काय चाललंय हे कळायला दोनच वाटा. एक तर घरमालकानं बोलवायचं, नाही तर चोरासारखं शिरायचं. तिसरी वाट आहे का? आज ज्या कादंबरीविषयी बोलायचंय, तिला ती तिसरी वाट सापडली आहे. म्हणून ती मला महत्त्वाची वाटते. नाही तर मलबार हिलवर खून झाला काय आणि न झाला काय, आपल्याला पाथर्डीत काय त्याचं!

कादंबरी इंग्रजी आहे. लेखिका सुजाता मॅसी. वडील भारतीय, आई जर्मन, जन्म इंग्लंडमधला, वाढल्या अमेरिकेत. आधी त्यांनी जपानमध्ये घडणारी रहस्यमालिका लिहिली होती. २०१८ मध्ये ही आली. अमेरिकेत नाव 'द विडोज ऑफ मलबार हिल', आपल्याकडे तीच 'अ मर्डर ऑन मलबार हिल' या नावानं. गंमत बघा, तिकडच्या वाचकाला विधवा विकल्या आणि इकडच्याला खून. ऐतिहासिक रहस्यकादंबरीसाठीचं अगाथा पारितोषिक तिला मिळालं. पुढं याच नायिकेच्या आणखी कादंबऱ्या आल्या. दुसरी, 'द सातापूर मूनस्टोन', तर आपल्या सह्याद्रीतल्या एका कल्पित संस्थानात घडते.

गोष्ट आहे फेब्रुवारी १९२१ च्या मुंबईतली. नायिका परवीन मिस्त्री, पारशी, ऑक्सफर्डला कायदा शिकून आलेली, वडिलांच्या फोर्टातल्या वकिली कचेरीत काम करते. कोर्टात उभं राहून युक्तिवाद करायची तिला परवानगी नाही, कारण ती बाई आहे. बायकांना वकिली करण्याची मोकळीक देणारा कायदा देशात १९२३ मध्ये आला. तेव्हा ती कागद बघते. मृत्युपत्रं, करार, वाटणीपत्रं. तिच्याकडे एक कागद येतो. उमर फरीद नावाचा गिरणीमालक वारला आहे. मागे तीन बायका. तिघी मलबार हिलवरच्या बंगल्यात कडक पडद्यात राहतात, परपुरुषाशी बोलतसुद्धा नाहीत. त्या घराचा कारभार फैजल मुक्री नावाचा कारभारी बघतो. आणि कागद असा, की या तिन्ही विधवा आपापला मेहेर, म्हणजे लग्नात नवऱ्यानं कबूल केलेलं त्यांचं हक्काचं स्त्रीधन म्हणा, सोडून देत आहेत. सगळं वक्फाला, धर्मादायाला. एकीची गिरणगावातली जमीन, एकीचे दागिने, तिसरी गाणंबजावणं करणारी होती, तिची वाद्यं.

कागदावर सह्या आहेत. आणि एकीनं सहीच्या जागी फुली मारली आहे.

मंडळी, अख्खी कादंबरी या फुलीत आहे. पुढं त्या घरात खून होतो, पोलीस येतात, धावपळ होते, ते सगळं ठीक. पण परवीन त्या फुलीशी थांबते. जिला लिहितावाचता येत नाही तिनं हा कागद वाचला कसा? आणि वाचला नसेल तर ही तिची संमती कशी?

आता जरा आमच्या धंद्यातलं बोलतो, कंटाळू नका. नैयायिक म्हणतात, पर्वतावर धूर दिसला, तर तिथं अग्नी आहे असं अनुमान करता येतं. कारण जिथं जिथं धूर तिथं तिथं अग्नी, ही व्याप्ती. बरोबर? आता उलटं करा. अग्नी आहे म्हणून धूर असेलच, असं म्हणता येईल का? नाही. तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा घ्या. लोहाराच्या भात्यापाशी बघितलाय सगळ्यांनी. अग्नी आहे, धूर नाही. मग अग्नीपासून धूर कधी होतो? लाकूड ओलं असेल तेव्हा. आर्द्रेन्धनसंयोग, असा भारदस्त शब्द आहे त्याला. ही जी ओल्या लाकडाची छुपी अट, तिला न्यायशास्त्रात 'उपाधी' म्हणतात. उपाधी लपलेली असली की अनुमान वरून धडधाकट दिसतं आणि आतून फसलेलं असतं.

आता हेच त्या कागदाला लावा. जिथं सही, तिथं संमती. जगातलं सगळं दप्तर या एका व्याप्तीवर चाललंय. बँक, कचेरी, शाळेचा दाखला, ऑपरेशनच्या आधी दवाखान्यात घेतात तो कागद. पण ही व्याप्ती खरी आहे का? सहीपासून संमती कधी निघते? सही करणाऱ्याला कागद कळला असेल तेव्हा. नाही म्हणायची मोकळीक असेल तेव्हा. नाही म्हटल्यावर राहायला घर आणि खायला भाकरी उरणार असेल तेव्हा. ही ती ओली लाकडं. ती नसतील तर सही म्हणजे लाल झालेला लोखंडाचा गोळा. चटका बसतो, धूर निघत नाही.

माझं म्हणणं असं आहे, की परवीन मिस्त्री ही खुन्याचा शोध घेणारी गुप्तहेर नंतर आहे. आधी ती उपाधीचा शोध घेणारी आहे. आणि हे रहस्यकथेत मला फार क्वचित भेटलं. एरवीचा गुप्तहेर खोटी सही शोधतो. अक्षर कोणाचं, शाई कुठली, वळण कसं. इथं सही खरी असली तरी प्रश्न मिटत नाही. तुम्हीच सांगा, जास्त अवघड गुन्हा कोणता? खोटी सही करणं, की खरी सही काढून घेणं?

आता त्या तिसऱ्या वाटेकडे येतो. इंग्रजी रहस्यकथेची एक ठरलेली मांडणी आहे. श्रीमंतांची वस्ती, मोठं घर, ठरावीक माणसं, बाहेरचं कोणी आत आलेलं नाही, म्हणजे खुनी आतलाच. त्यासाठी लेखकाला काय काय करावं लागतं! बर्फ पाडावं लागतं, वादळ आणावं लागतं, बेटावर न्यावं लागतं. मॅसीबाईंना यातलं काहीच करावं लागलं नाही. घर आधीच बंद आहे. पडद्यानं बंद आहे. जनान्यात पुरुषानं पाय ठेवायचा नाही, कारभाऱ्यानंही जाळीच्या अलीकडून बोलायचं. रहस्यकथेची जी युक्ती असते ती इथं समाजाची रीत होऊन आली आहे. आणि खून होतो तो त्या कारभाऱ्याचाच. पोलीस सगळे पुरुष. ते दारात उभे. आत जायला त्यांच्याकडे अधिकार आहे, पण गेले तरी तिथल्या बायका एक अक्षर बोलणार नाहीत.

परवीन आत जाऊ शकते. ती बाई आहे म्हणून. ज्या कारणानं तिला कोर्टात उभं राहता येत नाही, त्याच कारणानं तिला तिथं बसता येतं जिथं हायकोर्टाचा न्यायाधीशही बसू शकत नाही. हे लेखिकेनं कुठं भाषण करून सांगितलेलं नाही. नुसतं घडवलं आहे. ती तिघींशी एकेकटीशी बोलते. हेही नीट लक्षात घ्या, एकेकटीशी. चौघात बसवून 'काय गं, तुझं काही म्हणणं आहे का?' असं विचारत नाही. एकेकटीशी बोलल्यावर कळतं, की एकीला जे माहीत आहे ते दुसरीला माहीत नाही, आणि प्रत्येक जण दुसरीपासून काहीतरी झाकून आहे.

हे कल्पनेतलं नाही बरं का. परवीनच्या मागं खरी माणसं आहेत, लेखिकेनं ते सांगितलेलं आहे. एक म्हणजे मिठाण टाटा, पुढच्या मिठाण लाम, मुंबई हायकोर्टातल्या पहिल्या महिला बॅरिस्टर. आणि दुसऱ्या कॉर्नेलिया सोराबजी. त्यांचा जन्म कुठला? नाशिकचा! १८६६ चा. आपल्या शेजारच्या जिल्ह्यातला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या, मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधर महिला, मग ऑक्सफर्ड. १८९२ मध्ये तिथली कायद्याची परीक्षा दिली, पण पदवी हातात पडायला तीस वर्षं लागली, कारण तोवर ऑक्सफर्ड बायकांना पदवीच देत नव्हतं. १९०४ पासून बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्ससाठी त्यांनी काम केलं. काम काय, तर पडद्यातल्या विधवा राण्या, जमीनदारणी, त्यांची अज्ञान मुलं, यांच्या इस्टेटी कोण गिळतंय ते आत जाऊन बघायचं. पालखीतून, हत्तीवरून, होडीतून जायच्या. त्यांनी 'इंडिया कॉलिंग' हे आत्मचरित्र १९३४ मध्ये लिहिलं, मिळालं तर वाचा.

इथं एक टोचणी आहे, ती सांगायला पाहिजे. कॉर्नेलियाबाई इंग्रजी राज्याच्या कट्टर समर्थक होत्या, गांधीजींच्या विरोधात होत्या. कादंबरीतल्या परवीनला मात्र स्वराज्याची ओढ आहे. लेखिकेनं मूळ व्यक्तीतलं जे आजच्या वाचकाला पचणार नाही ते काढून टाकलं आणि धाडस तेवढं ठेवलं. कादंबरीकाराला तो हक्क आहे, मी नाकारत नाही. पण मला विचाराल तर, पडद्यातल्या बायकांसाठी उभं आयुष्य झिजवणारी आणि तरीही साम्राज्यावर विश्वास ठेवणारी बाई ही जास्त खोल नायिका झाली असती. परवीन जरा फारच आपल्यासारखी आहे.

शेजाऱ्यांबद्दल बोलायचं राहिलं. मलबार हिल ही वस्तीच अशी, की शेजारी असून शेजार नाही. परवीनची ऑक्सफर्डची मैत्रीण ॲलिस, तिचे वडील सरकारातले बडे अधिकारी, तेही त्याच टेकडीवर राहतात. गव्हर्नरही तिथंच. एकमेकांची कौलं दिसतात, झाडं दिसतात, मोटार गेली-आली ती दिसते. आतलं माणूस दिसत नाही. आपल्या गल्लीत कोणाकडे आज भांडण झालं हे संध्याकाळच्या आत चार घरांना कळतं. त्याचा आपल्याला त्रास होतो, मान्य. पण त्या त्रासात एक राखणही असते. पैसा वाढला की भिंत उंच होते, आणि भिंत उंच झाली की ती राखण जाते. मग शेजाऱ्याच्या जागी पगारी माणूस ठेवावा लागतो. खासगी गुप्तहेर म्हणजे मला वाटतं हाच, भाड्यानं आणलेला शेजारी.

आपल्या महाराष्ट्रातल्या नामवंत खासगी गुप्तहेर रजनी पंडित यांनी एका खुनाच्या तपासासाठी त्या घरात मोलकरीण होऊन काही महिने काढल्याचं स्वतः सांगितलंय. बघा, म्हणजे मुखवट्याशिवाय, खिडकीशिवाय आत जायचं तर घरकाम करणारी बाई व्हावं लागतं. कारण ती सगळं बघते आणि तिच्याकडे कोणी बघत नाही.

आणि मलबार हिलचा खरा खून विसरून चालणार नाही. १२ जानेवारी १९२५, म्हणजे कादंबरीतल्या काळानंतर चार वर्षांनी. अब्दुल कादर बावला हा धनाढ्य व्यापारी मोटारीतून चालला असताना त्याला गोळ्या घातल्या. सोबत मुमताज बेगम होती. तिला पळवून न्यायचं होतं, तिच्या तोंडावर वार झाले. धागे इंदूर दरबारापर्यंत गेले, आणि पुढच्या वर्षी तुकोजीराव होळकरांना गादी सोडावी लागली. हे सगळं उघडकीला आलं कशामुळे? योगायोगानं. गोल्फ खेळून परतणारे काही लष्करी अधिकारी त्या रस्त्यावर पोचले आणि त्यांनी हल्लेखोरांना अडवलं. मला इंदूरला परत जायचं नाही, हे मुमताज त्याच्या आधीपासून सांगत होती. ते कोणाच्या खिजगणतीत नव्हतं. गोऱ्या अधिकाऱ्यांनी डोळ्यांनी बघितलं तेव्हा त्याचा पुरावा झाला. आमच्या शास्त्रात शब्दप्रमाण म्हणतात, आप्त माणसाचं वाक्य प्रमाण. पण आप्त कोण, हे ठरवतं कोण? बाईचा शब्द आप्तवाक्य कधी होतो?

कायद्याला हा प्रश्न कळला होता, हे मात्र कबूल केलं पाहिजे. पडदानशीन स्त्रीच्या दस्ताविषयी न्यायालयांनी एक नियम घालून दिला. एरवी सही केली की तुम्ही बांधलेले, फसवणूक झाली असेल तर ती तुम्ही सिद्ध करा. पण पडद्यातल्या बाईची सही असेल तर उलटं. जो त्या कागदाचा फायदा घेतोय त्यानं सिद्ध करायचं, की तिला कागद समजला होता, तिनं तो मोकळ्या मनानं केला. नुसता वाचून दाखवला एवढं पुरत नाही. १९२५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलपुढं आलेल्या एका प्रसिद्ध खटल्यात हेच तपासलं गेलं, आणि गंमत म्हणजे त्यातल्या बाईचं नाव फरीद-उन-निसा. पुढं हे संरक्षण पडद्यातल्या बायकांपुरतं राहिलं नाही. निरक्षर, अडाणी, परावलंबी बाईलाही ते लागू होतं, असं आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही मानलं. म्हणजे न्यायाधीशांनी उपाधी ओळखली! न्यायशास्त्र न वाचता ओळखली. (हशा)

आणि आता मी मलबार हिलवरून खाली येतो. एकदम आपल्या दुय्यम निबंधक कार्यालयाच्या पायऱ्यांवर.

हक्कसोडपत्र. हा शब्द इथं समजावून सांगावा लागत नाही. वडील वारले, वारस नोंद लागायची, सातबाऱ्यावर बहिणींची नावं येणार. मग बहिणींना बोलावणं जातं. गाडी करून आणतात. जेवण असतं, साडीचोळी असते. कागद तयार असतो. बाई शिकलेली असेल तर सही, नसेल तर 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा'. आपल्या तालुक्यातली निम्मी गावं दसरा झाला की ऊसतोडीला बाहेर पडतात. तिथून दोन दिवसांसाठी आलेल्या बहिणीला कागद वाचायला कुठला वेळ? मुकादमाची उचल डोक्यावर, कोयता थांबलेला.

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्रानं १९९४ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला, २००५ मध्ये देशभर झाला, आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की हा हक्क जन्मानं येतो, वडील २००५ मध्ये हयात होते की नव्हते यावर तो अवलंबून नाही. एका हातानं कायद्यानं हक्क दिला आणि दुसऱ्या हातानं, अगदी कायदेशीर, नोंदणीकृत, दोन साक्षीदारांसमोर, तो सोडवून घेतला. कोणी गुन्हा केला? कोणीच नाही. फिर्याद कोणाची? कोणाचीच नाही.

मी ही कादंबरी पहिल्यांदा वाचली तेव्हा त्या फुलीपाशी माझं वाचन थांबलं, ते याचमुळे. गिरणीमालकाच्या विधवा आणि आपल्या बांधावरची बहीण, दोघींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. एक पडद्यात, एक उन्हात. पण कागद एकच आहे. 'मी माझ्या राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय', हे वाक्य जिथं छापील असतं तिथं मला शंका येते. राजीखुशी छापील कशी असेल?

बरं, स्तुती पुष्कळ झाली. आता दोष.

पहिला दोष मोठा आहे. ज्याचा खून होतो तो मुक्री पहिल्या भेटीपासून वाईट आहे. उद्धट, दांडगट, बायकांवर ओरडणारा. तो मेल्यावर वाचकाला हळहळ वाटत नाही. हळहळ नाही म्हटल्यावर न्यायाचा प्रश्न सोपा होतो, फक्त कोडं उरतं. समजा तो कारभारी सज्जन असता? मनापासून धर्मादाय करणारा, बायकांचं भलं चिंतणारा, आणि तरीही त्यांना न विचारता त्यांचा हक्क सोडवून घेणारा? तेव्हा त्या फुलीचा प्रश्न किती धारदार झाला असता! हक्कसोडपत्रावर सही घेणारे भाऊ काही खलनायक नसतात हो. बहिणीच्या बाळंतपणाला धावून जाणारेच असतात. खरी अडचण तिथं आहे, आणि तिथं ही कादंबरी जात नाही.

दुसरं, मधूनमधून कादंबरी मागं जाते, १९१६ च्या आसपास. परवीनचं लग्न. कलकत्त्याच्या सायरस सोडावाला या तरुणाशी. तिथं सासू पाळीच्या दिवसांत तिला एका कोंदट खोलीत एकटी ठेवते. नवऱ्याचे बाहेरचे धंदे, मारहाण. ती परत येते आणि पारशांच्या विवाह न्यायालयात जाते. कायदा १८६५ चा. नवऱ्याचं वेश्येकडे जाणं हे त्या कायद्यात बायकोला घटस्फोट मिळायला पुरेसं कारण नाही. तिला विभक्त राहायची मुभा मिळते, मोकळीक नाही. हा भाग वाचताना अंगावर येतो. पाळीच्या खोलीची पानं तर मला मुख्य कथेपेक्षा सरस वाटली. पण जोडणी ढिली आहे. एक रहस्यकथा आणि एक संसारकथा शेजारी शेजारी चालतात, मलबार हिलच्या बंगल्यांसारखी, मधे भिंत. लेखिकेला सांगायचं आहे, की पारशी घरातली ती खोली आणि फरीदांचा जनाना एकच आहे. कळतं. पण वाचकाला ते स्वतः जोडून घ्यावं लागतं, आणि त्या नादात खुनाचा तपास थंड पडतो.

तिसरं, समजावून सांगायची हौस. इराणी कॅफेत काय मिळतं, मेहेर म्हणजे काय, अग्यारी म्हणजे काय. परदेशी वाचकासाठी असेल. आपल्याला ते वाचताना स्वतःच्याच घरात वाटाड्या घेऊन फिरल्यासारखं होतं.

आणि एक दोष नाही, पण मला खटकलेली गोष्ट. या सगळ्या संपत्तीचं मूळ गिरणी. गिरणगावात १९१९ आणि १९२० ला मोठे संप झालेले. ते कामगार इथं नाहीत. ज्या जमिनीवर विधवेचा हक्क म्हणून आपण इतके हळवे होतो, त्या जमिनीवरच्या साच्यांवर उभा असलेला माणूस, बराचसा रत्नागिरी-साताऱ्याकडचा आणि आपल्या नगर-पुण्याकडचाही, त्याला एक पानही मिळू नये? मलबार हिलच्या कादंबरीत गिरणगाव शोधू नये, असं कोणी म्हणेल. म्हणू द्या.

तिघी विधवांचं मन आपल्याला आतून कधीच दिसत नाही, सगळं परवीनच्या नजरेतून येतं. यावर मी बराच विचार केला. हा दोष म्हणावा की नाही? माझं मत, नाही. कारण परवीन आत गेली तरी तिच्यापुढं आणखी एक पडदा उरतो, प्रत्येकीच्या मनाचा. लेखिकेनं तो ओढून काढला नाही, हे बरं केलं. खुनी कोण ते मी सांगणार नाही. एवढंच सांगतो, की उत्तर जाळीच्या पलीकडे ऐकू आलेल्या आणि न आलेल्या गोष्टींवर अवलंबून आहे, आणि ते वाचकाला फसवत नाही. सुतं समोर ठेवलेली आहेत.

माझं झालं. दोन-तीन प्रश्न घेऊ.

(एका श्रोत्यांचा प्रश्न: सर, बहिणी खुशीनंच सही देतात. आमच्या तिन्ही बहिणींनी दिली. त्याला तुम्ही संशयानं का बघता?)

तुमच्या बहिणींवर माझा संशय नाही, दादा. तुमच्यावरही नाही. खुशी असेलच. माझा संशय अनुमानावर आहे. खुशी आहे हे तुम्हाला कशावरून कळलं? सहीवरून? मग ते अनुमान पुरेसं नाही, लोखंडाचा गोळा आठवा. आणि जर तुम्ही त्यांना एकेकटीला, जेवणाच्या आधी, कागद हातात नसताना विचारलं असेल, की ताई, तुला हिस्सा हवा का, नको म्हणालीस तरी तू माझी बहीण आणि हवा म्हणालीस तरी बहीणच, तर मग तुम्हाला ते खरोखर माहीत आहे. असं विचारलं होतं का, हे इथं सांगू नका. (हशा)

(मागच्या रांगेतून एका ताईंचा प्रश्न: कागद न करता नुसतं तोंडी सोडलं, तलाठ्यासमोर सांगितलं, तर हक्क जातो का?)

ताई, मी वकील नाही, तत्त्वज्ञानाचा मास्तर आहे. पण जमिनीवरचा हक्क सोडायचा तर नोंदणीकृत दस्त लागतो, हे १९०८ च्या नोंदणी कायद्याचं साधं म्हणणं आहे. नुसत्या तोंडी जबाबानं किंवा सातबाऱ्यावरच्या फेरफारानं मालकी जात नाही, असं न्यायालयं सांगत आली आहेत. तुमच्या बाबतीत कागदावर नेमकं काय लिहिलंय ते वकिलाला दाखवा. तालुका विधी सेवा समितीकडे बायकांना फुकट सल्ला मिळतो. आणि जाताना एकट्या जा.

पुढचा कोण? बोला, माईक द्या त्यांना.